वेळणेश्वरच्या सड्यावर दोन नकाशांचं एकमत

आमच्या अ‍ॅपवर घरगुती निवासाचं बुकिंग होतं. वेळणेश्वरजवळच्या काकूंनी फोनवरून दम भरला, “तीन कुटुंबं वाटेतून परत गेली गो! नकाशा नीट करा, नाहीतर माझं नाव काढा तुमच्या यादीतून.”

दोष अर्थातच नकाशाच्या टूलकिटाचा, म्हणजे अ‍ॅपला नकाशा पुरवणाऱ्या तयार सॉफ्टवेअरचा, असं पुण्याच्या ऑफिसात एकमताने ठरलं. मग त्याच्या जागी कोणतं घ्यायचं ते पारखायला दोन नवी टूलकिटं माझ्या अँड्रॉइडवर आणि सहकारी सौरभच्या आयफोनवर घालून, घावणे हाणून, आम्ही शनिवारी सकाळी रत्नागिरीहून निघालो.

जयगडला गाडी फेरीबोटीत चढवली. तिकीट तिथेच मिळतं, सुटे पैसे ठेवा. पहिल्या टूलकिटाने आमचा ठिपका खाडीतून डौलात चालवला. दुसरं दोन्ही फोनांवर चिपळूणचा वळसा घ्या म्हणून हटून बसलं. बोटीवरचा माणूस डोकावून म्हणाला, “मॅडम, त्याला कशाला विचारता? बोट सरळच जाते.” मी पहिल्याला मनातल्या मनात विजयी घोषित केलं. पलीकडे रेंज लपंडाव खेळते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या.

तासाभराने चढ चढून गेल्यावर दोन्ही टूलकिटं पहिल्यांदाच एका सुरात म्हणाली, “आपण पोहोचलात.” समोर उघडा सडा. काळा कातळ, वाळकं गवत आणि फोनवर ओरडणारे एक आजोबा. घराचं नामोनिशाण नाही!

“घरं खाली,” आजोबा म्हणाले. “इथं फक्त रेंज.”

खाली काकूंनी कोकमाचं सरबत पुढे केलं आणि खुलासाही. “तुमच्या यादीचा फॉर्म भरायला रेंज नको काय? आम्ही गावातल्या सगळ्याजणींनी सड्यावर जाऊन भरला. ‘सध्याचं ठिकाण वापरा’ असं बटण होतं, ते दाबलं.”

सौरभ माझ्याकडे बघून गालात हसला. ते बटण माझं होतं. त्याबद्दल ऑफिसात टाळ्याही घेतल्या होत्या मी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुण्याला येऊन अहवालात माझी चूक लिहिली आणि दुसरं टूलकिट निवडलं. त्यात रेंजशिवाय, दोन्ही फोनांवर, बोटाने नकाशावरची घराची खूण सरकवता येते. फेरीबोटीची सूचना मी स्वतः टाईप केली. काकूंनी अंगणात बसून खूण लावली, पण यादीत राहायचं की नाही ते सांगितलं नाही.

परवा त्यांचा फोन आला. चांगलीच धाप लागली होती.

“पाहुणे सरळ अंगणात आले हो! एवढंच सांगायला सडा चढून आल्ये.”