फुटाणेवालीचा फोटो

सन एकोणीसशे चौतीसचा सुमार. शेगाव स्टेशनाबाहेर लिंबाखाली गोजरबाईची भट्टी होती. गरम वाळूत हरभरे परतायचे, चाळायचे, उतारूंना पुडीत बांधून द्यायचे, हा तिचा सात वर्षांचा उद्योग. गावात सगळे तिला गीताबाई म्हणत, कारण खरं नाव तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. लोणारकडच्या एका खेड्यात तिचा नवरा रंगराव होता. दोनदा ती माहेरी पळाली, दोन्ही वेळा त्यानं केसांना धरून परत नेलं. पुढं एकदा त्यानं तिला विहिरीत ढकललं. वर आली ती माहेरी गेली नाही. ओल्या लुगड्यानिशी उलट्या दिशेला चालत सुटली.

एका दुपारी देवळाच्या वाटेवर, फोटोच्या दुकानापाशी ती थबकली. दोरीला टांगलेल्या कार्डांवर तिचाच चेहरा होता. पदर ओघळलेला, हातात चाळणी, कपाळावरचा वण अगदी स्पष्ट. पदर तोंडावर ओढून ती आत शिरली.

दुकानदार रहेमतुल्ला पन्नाशीचा, मवाळ माणूस.

"हा फोटो कवा काढला तुमी?"

"रामनवमीच्या गर्दीत. लय साजरा आला, बाई. लोकं हौसेनं नेऊन राह्यले."

"मले इचारलं नाही तुमी."

"रस्त्यावरचा फोटो हाये. रस्त्यावर कोनाकोनाले इचारत बसू?" त्याला राग आला नव्हता. हा प्रश्नच त्याला कुणी कधी केला नव्हता.

दाराकडे बघत, दबक्या आवाजात तिनं पहिल्यांदाच सगळं सांगितलं. "त्याले हे कारड दिसलं त मी जिती राहत नाही."

रहेमतुल्लानं सगळी कार्डं उतरवून तिच्या हाती दिली. मग ज्या काचेवरून ती छापली होती, ती काच पेटीतून काढून उंबऱ्यावर फोडली. "चूक झाली, बाई. पन चार-पाच गेले. एक मेहकरच्या मानसानं नेलं."

मेहकरच्या बाजाराला रंगराव नेमानं जायचा.

त्या दिवसापासून गाडीची शिटी ऐकली की ती पदर पुढं ओढायची. तिनं भट्टी झाडामागं नेली, रस्त्याकडं पाठ केली. गिऱ्हाईक कमी झालं. रंगरावासारखा पागोटं बांधलेला उंच माणूस दिसला की ती झारा वाळूत तापायला खुपसायची. दोनदा तिनं गाठोडं बांधलं, दोनदा सोडलं. जाणार कुठं?

दिवाळी सरली आणि एके दिवशी मागून हाक आली, "गोजर."

तिनं तापलेला झारा उचलला आणि वळली. समोर तिची थोरली जाऊ, मनकर्णाबाई. गोजरबाई तिच्या खांद्यावरून पलीकडं बघत राहिली.

"एकटीच हावो मी," मनकर्णाबाई म्हणाली. "माह्या भावानं शेगावाहून नेलेलं तुहं कारड मेहकरले त्याच्या घरी भितीले लावलं होतं. म्या मागून घेतलं अन् चुलीत घातलं. भावजीनं पाह्यलं नाही."

झारा खाली ठेवायला गोजरबाईला वेळ लागला. "कसे हायेत ते?"

"हायेत तसेच. दुसरी केली. पुष्पा नाव. तिलेबी मारतात."

मनकर्णाबाई परत निघाली तेव्हा गोजरबाईनं तिचा हात धरला. म्हणाली, "तिले सांगजो. इथं जागा हाये."

हे बोलून गेल्यावर ती आणखीच घाबरली. आपणच आपला पत्ता त्या घरात धाडला, असं तिला राहून राहून वाटे.

उन्हाळ्यात पुष्पाबाई आली. काखेत एक बोचकं, एक डोळा सुजलेला. तिच्या मागं कुणी नाही, हे गोजरबाईनं आधी पाहिलं, मगच तिला पाणी दिलं.

पुढं दोघी मिळून भट्टी चालवू लागल्या. गाडी आली की एक हरभरे चाळायची आणि दुसरी उतारूंचे चेहरे बघायची. रंगराव कधीच आला नाही. बाकीची कार्डं कुणाच्या घरी गेली, तेही कधी कळलं नाही.