अक्कांचा देशी ब्रेकर

कोणी कितीही घाईचे काम घेऊन आला, तरी कंप्रेसरवाल्या अक्का सकाळी प्रथम हवेच्या टाकीखालची तोटी उघडीत. साचलेले पाणी वाहून जाईपर्यंत त्या चहाच्या कपाला हात लावीत नसत. "आधी टाकीचं पाणी, मग आपला चहा," हा त्यांचा दंडक. पाणी हवेबरोबर खडक फोडणाऱ्या ब्रेकरात शिरले की आतले पोलाद गंजते, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवीत.

औरंगाबादच्या क्रांती चौकाजवळ टंकयंत्र मांडलेले माझे अर्जलेखनाचे टेबल आणि शेजारी त्यांची पत्र्याची शेड. यजमानांच्या पश्चात विहिरींचा खडक फोडण्याचा धंदा त्यांनी स्वतः चालवला. ब्रेकर सगळे देशी. कोणी विलायती मालाचे गुण गाऊ लागला की म्हणत, "तुटत नाय असं हत्यार कोणीच बनवलं नाय, दादा. तुटल्यावर कुठं न्यायचं, तेवढं सांग."

पिशोर गावच्या सार्वजनिक विहिरीचे काम निघाले, त्यात ब्रेकर विलायतीच हवा अशी अट आली. अक्कांच्या माणसांचा सारा हंगाम बुडणार होता. मी अभियंत्यांच्या नावे, माझ्या लौकिकास साजेसा, सविनय प्रार्थनापूर्वक अर्ज रचून वाचून दाखवला.

"मुन्शीजी, देवाला नवस बोलताय का? अट काढा, नाय तर दोन्ही ब्रेकर एकाच खडकावर लावून बघा. एवढंच लिवा."

इतका आखूड अर्ज माझ्या लेखणीस शोभणारा नव्हता. तथापि तो मंजूर झाला.

चाचणीस मी जातीने हजर होतो. दुसऱ्या ठेकेदाराचा विलायती ब्रेकर थोड्याच वेळात अडखळून बंद पडला. अक्का गप्प राहत्या, तर काम त्यांचेच होते. परंतु त्या उठल्या आणि त्यांनी त्याच्या कंप्रेसरच्या टाकीची तोटी उघडली. तांबडे पाणी भळाभळा वाहिले.

"आधी चहा पिला व्हय रे?" त्यांनी ठेकेदाराला विचारले. मग ब्रेकर उघडून पुसला, तेल सोडले आणि त्याच्या हाती दिला. "अशी जिंकलेली विहीर मला नको."

त्यानंतर विलायती ब्रेकर असा चालला की अक्कांचा मागे पडला. त्यातच त्यांची छिन्नी धरणारी कडी तुटली. शहरातल्या लोहाराकडून घडवून आणलेली दुसरी कडी पिशवीतून काढून त्यांनी तिथल्या तिथे बसवली.

संध्याकाळी अभियंते म्हणाले, "अक्का, विलायती पुढे आहे."

"हाय ना, साहेब. पोलाद लई चांगलं हाय त्याचं. आता त्याची कडी तुटली तर कवा मिळंल, ते ह्यांना इचारा."

ठेकेदार चाचरला. "मुंबईहून मागवावी लागंल. तिथं नसली तर... परदेशातून."

अभियंत्यांनी अट खोडली. काम अक्कांना मिळाले. पाणी लागेपर्यंत त्यांचा ब्रेकर कितीदा तरी तुटला आणि प्रत्येक वेळी त्याच दिवशी पुन्हा खडकावर उभा राहिला.

अक्का गेल्या. शेडही गेली. माझे जुने टंकयंत्र मात्र अजून चालते. सकाळी चहावाला कप ठेवून जातो. मी आधी ब्रशने एकेका अक्षरातली शाई आणि धूळ काढतो. तोवर चहा निवतो. निवू द्या.