कोपरापर्यंत हात

सिंदीच्या बाजारात मी कापसाची प्रत हाताने ठरवतो. ओलावा मोजणारं यंत्र बनवणाऱ्या एका नव्या कंपनीचा इंजिनिअर महिनाभर माझ्या टेबलाशी बसून शिकला. मग माझ्यादेखत व्यापाऱ्यांना म्हणाला, "आता काकांची गरज नाही."

नमुना गाडीत कोपरापर्यंत हात घालून काढायचा असतो, कारण वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला कापूस आत दडवतात. टेबलाशी बसून त्याला हे दिसलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

यंत्राच्या चाचणीच्या दिवशी त्याने ते वरच्या कापसात खुपसलं आणि गाडी कोरडी ठरवली. मी आतून ओला बोळा काढून सगळ्यांसमोर त्याच्या हातावर ठेवला.

"काका, हे आधी काऊन नाई सांगितलं?"

"तू खुर्ची सोडूनच नाई राह्यला होता, बापू."

व्यापारी हसले. मी पुढच्या गाडीकडे बोट दाखवलं. "आता यंत्र तिले लाव."