आक्का आलीच नाही

आमचे काका शिंपी. माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. कमी बोलणारा माणूस म्हटलं तर ते थोडं जास्तच होईल. गिऱ्हाईक आलं की माप घ्यायचं, ‘सैल की फिट’ एवढं विचारायचं, आणि त्याचंही उत्तर समोरच्याने मानेने दिलं तर काकांना बरं वाटायचं. तोंडात टाचण्या धरायची सवय होती, त्यामुळे लोकांना वाटे की टाचण्यांमुळे बोलत नाहीत. टाचण्या काढल्यावरही काही फरक पडत नाही, हे आम्हा घरच्यांना ठाऊक होतं.

दिवसभर मशीन चालायचं. संध्याकाळी ते बंद झालं की काका हातकामाला बसायचे. काजं, बटणं, तुरपाई. मशीन थांबलं की दुकानात इतकं शांत व्हायचं की मावशीला बसवत नसे. मग ती समोरच्या स्टुलावर बसून मोठ्याने कादंबरी वाचायची. कादंबरी ठरलेली, आडगावी बदली झालेल्या एका मास्तरांची आणि त्यांच्या बायकोची. संपली की चार दिवस दुसरं काहीतरी वाचायची आणि पुन्हा हिच्यावर यायची. काकांची नजर सुईवर आणि कान मावशीकडे. त्यांनी ते पुस्तक स्वतः एकदाही उघडलं नाही, आणि तरी ते त्यांना तोंडपाठ होतं.

त्यात त्यांची लाडकी होती आक्का. मास्तरांची शेजारीण, तोंडाचा पट्टा कायम चालू. मास्तर जेवून उठले की ही कुंपणावरून हाक मारायची, “काय हो मास्तर, बायकोला कधी विचारलंत का, दिवस कसा गेला म्हणून?” यावर काका हमखास हसायचे. “हा मास्तर म्हणजे नुसता ठोकळा आहे,” म्हणायचे. मावशी तिथे थांबायची, पेल्यातलं घोटभर पाणी प्यायची आणि पुढे जायची. सुट्टीत त्यांच्याकडे राहायला गेले की मीही हे ऐकलं आहे. मी स्वतः काही पुस्तकांच्या वाटेला जाणारी नव्हे. आक्कापुरती कादंबरी मला पुरेशी होती.

मावशी गेली आणि त्या स्टुलावर शिवायच्या कपड्यांचा ढीग साठला. काका तो हलवत नसत आणि मलाही हलवू देत नसत. मी आठवड्यातून एकदा जायची, चहा करायची, दोघं मिळून गपचूप प्यायचो. संध्याकाळी आता मशीन बंदच होत नाही, असं बाजूचा चष्मेवाला म्हणाला. हातकामसुद्धा ते बाहेर देऊ लागले होते. मला ते ऐकून फार वाईट वाटलं, पण काकांना काय बोलणार? फळीवरचं पुस्तक दाखवून एकदा म्हटलं, “वाचा की आता.”

“मला ते तिच्या आवाजात येतं,” काका म्हणाले. विषय संपला.

मग त्या कादंबरीवर नाटक आलं. मी दुपारच्या प्रयोगाची दोन तिकिटं काढली. नाही म्हणतील अशी खात्री होती, पण काकांनी चक्क स्वतःसाठी नवा शर्ट शिवला. आमच्या घरात ही बातमी होती.

“आक्का भेटेल गं पुन्हा,” ते रस्त्यात म्हणाले. “मावशी आक्काचं बोलायची ना, तेव्हा तिचा आवाजच वेगळा व्हायचा. घरातलं कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. नटीला ते जमायला पाहिजे.”

मावशी गेल्यापासूनच्या दोन वर्षांत त्यांच्या तोंडून इतकी वाक्यं एका दमात मी ऐकली नव्हती. ती नटी कोण असेल ती असो, तिने आज जीव ओतावा, असं मला मनापासून वाटलं.

पडदा उघडला. मास्तर छान होते, बायको तर फारच छान होती. काका मात्र सारखे विंगेकडे बघत होते. “आता येईल,” माझ्या कानात म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, “आता बघ.” पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून डोळे वटारले. मध्यंतरात काका ठाम होते. “दुसऱ्या अंकात आणणार. चांगलं माणूस हातचं राखून ठेवतात.”

दुसऱ्या अंकात मास्तर जेवून उठले. काका खुर्चीच्या कडेवर सरकले. मास्तर झोपायला गेले, दिवे मंद झाले. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, रुमाल निघाले होते. काका बसून होते. असं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर नाटककार लोकांच्या घोळक्यात उभा होता. काका घोळक्यात घुसले.

“आक्का का कापलीत?”

“कोण आक्का, काका?”

“शेजारीण! मास्तरला फाडफाड बोलणारी. तिच्यावाचून काय उरलं त्या कादंबरीत?”

बिचारा भला माणूस होता. “अशी कुणी शेजारीण नाहीये हो त्यात,” तो म्हणाला.

“तुम्ही नीट वाचलीत का?”

लोक हसले. मघाच्या डोळे वटारणाऱ्या बाई शेजारीच होत्या. त्या आता मऊ आवाजात म्हणाल्या, “मीही पुष्कळदा वाचलीये. आक्का नाही त्यात. त्या घराला शेजारच नाही.”

परतताना मीच बडबडत राहिले.

दुकानात शिरल्याबरोबर त्यांनी फळीवरून पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. “मास्तर जेवून उठतात तिथून वाच.”

मी शोधलं आणि वाचलं. मास्तरांनी हात धुतले, कंदील बारीक केला आणि भिंतीकडे तोंड करून ते झोपले.

“पुढे?”

“पुढे दुसरं प्रकरण आहे, काका.”

काका स्टुलापाशी गेले. वरचा कपड्यांचा ढीग उचलून मशीनवर ठेवला आणि मोकळ्या स्टुलाकडे बघत उभे राहिले. मला ते बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “मावशी भलतीच वस्ताद निघाली! अख्खं माणूस घुसवलं, आणि आपल्याला पत्ता नाही.”

ते हसले नाहीत.

“आक्काने विचारलं की ती थांबायची,” काका म्हणाले. “आठवतंय तुला?”

“हो. पाणी प्यायला.”

“मी काज करत असायचो. मान वर न करता विचारायचो, मग? काय म्हणाला मास्तर?”

“आणि मावशी?”

“‘काही नाही म्हणाले,’ म्हणायची, आणि पान उलटायची.”