बलभीम शेवटी काय म्हणाला

तेर गावचा तौफिक सैन्यात नायक आहे. काही वर्षांपूर्वी त्याचा जोडीदार बलभीम बर्फातल्या चौकीवर मरण पावला. तंबूवर बर्फाचा कडा कोसळला तेव्हा तो झोपेत होता. कळंबजवळच्या त्याच्या गावी शवपेटी घेऊन तौफिकलाच पाठवलं, कारण दोघांचा जिल्हा एक, बोली एक.

सगळं उरकल्यावर बलभीमची आई मथुराबाई त्याच्यापुढं येऊन बसली. "लेकरा, शेवटी काय म्हणला रं त्यो?"

तौफिकच्या तोंडून निघून गेलं, "आईला जपा, म्हणला."

तिथून ते सुरू झालं. मथुराबाई सणावाराला फोन करायची आणि तेच विचारायची. मग आवाज कसा होता, दुखत होतं का, हेही विचारू लागली. तौफिक प्रत्येक वेळी थोडं जास्त रचून सांगायचा. सांगता सांगता बलभीमचा खरा आवाजच त्याच्या कानातून गेला. आठवायला जावं तर आपणच रचलेला आवाज ऐकू यायचा.

मागच्या मे महिन्यात तो रजेवर होता. बायकोला, हुमेराला, सातवा महिना लागला होता. सीमेवर तणाव वाढला आणि ताबडतोब हजर व्हा, असा फोन आला. बॅग भरताना तो एकदम म्हणाला, "कुणी येऊन सांगितलं की मी शेवटी अमुक म्हणलो, तर खरं धरू नको."

हुमेरानं हातातला शर्ट बाजूला ठेवला. "मग काय धरू?"

"आत्ता म्हणतोय तेवढंच."

"मग म्हणा की."

तौफिकनं बॅगेची चेन ओढली. बाहेर अब्बा रिक्षा आली म्हणून हाका मारत होते. "गॅसची टाकी बदलून ठेवलीय," तो म्हणाला आणि निघाला.

नंतर त्याचा फोन बंद झाला. टीव्हीवर सायरन वाजले की हुमेरा उठून आत जायची. शेवटी कुणाचं न ऐकता ती एसटीनं कळंबला गेली आणि विचारत विचारत मथुराबाईच्या दारात पोचली. नवऱ्याचं नाव सांगितल्यावर म्हातारीनं तिला जवळ बसवलं, पाणी दिलं.

"मावशी, तुम्ही कसं काढलं?" हुमेरानं विचारलं.

"काढलं कुठं? अजून चाललंय." मथुराबाई तिच्या पोटाकडं बघत म्हणाली, "मला ठावं हाय बाई, माझा बलभीम झोपंतच गेला. पलटणीच्या सायबानं तवाच सांगितलं व्हतं."

हुमेरानं पाण्याचा पेला खाली ठेवला. "मग ह्यांना सारखं कशाला विचारता?"

"ह्या घरात आता त्याचं नाव कुणी काढत न्हाय. मला रडू येतंय म्हणून भितात समदे. तुझा नवरा तेवढा बोलतो."

महिन्याभरानं तौफिक परत आला, धडधाकट. पुढं दिवस भरल्यावर पोरगाही झाला. हुमेरानं त्याला मथुराबाईचं सगळं सांगितलं. "आता फोन आला तर काय बोलू?" त्यानं विचारलं.

फोन आलाच, पोळ्याच्या दिवशी. या वेळी तौफिकनं खरं तेच सांगितलं. बलभीम चौकीवर भाकरी थापायचा, ती कधीच गोल व्हायची नाही. पत्त्यांत हरला की रुसून बसायचा. मथुराबाई हसली. मग दम घेऊन, नेहमीसारखंच, म्हणाली, "आन् शेवटी काय म्हणला रं?"

तौफिकनं तोंड उघडलं. काहीच आलं नाही, खरंही नाही आणि खोटंही. पलीकडून तिनं पुन्हा विचारलं नाही, पण फोनही ठेवला नाही. पाळण्यातलं पोर रडायला लागलं. हुमेरानं त्याला उचललं, तरी तौफिक फोन कानाला लावून तसाच उभा होता.