बोडख्या डोंगरावर माझाच आवाज

डोंगर, धुकं आणि एकटा मुसाफिर म्हटलं की तुम्ही लगेच बर्फ, देवदार आणि तंबूतली कॉफी मांडून बसता. उचला ते सगळं. हा वाशिम जिल्हा आहे. इथं डोंगर म्हणजे सागाची झाडी, काळे दगड, आणि वर पोचल्यावर चहा पाजायला कोणी नाही. साधू भेटणार नाही, आत्मज्ञान होणार नाही. फार तर रोही (नीलगाय) भेटतील, तेही पाठमोरे.

जानेवारीत अवकाळी पाऊस लागून बसला होता. थंडी अशी, की मालेगावच्या स्टँडवर लोक आलूबोंडा आधी हात शेकायला धरत होते, मग खात होते. बरोबर दोघं मित्र येणार होते. एकाला रातोरात ताप आला, दुसऱ्याच्या फोनला. मी टपरीवाल्याला विचारलं, "बोडख्या डोंगरावर धुकं असंन का आज?"

त्याने तर्री वाढता वाढता माझ्या नव्या बुटांकडे पाहिलं. "धुकं असते. पन ते पाह्यले कोन जाते?"

"मी चाललो."

"मंग अजून एक आलूबोंडा खाय. भरल्या पोटी सापडला तं बरं."

घरी मी 'मालेगावले जाऊन येतो' एवढंच सांगितलं होतं. मालेगावला तर मी आलोच होतो! पुढचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

जीपने पायथ्याशी उतरलो. वाट सुदामकाकांच्या हरभऱ्याच्या धुऱ्यावरून (बांधावरून) जाते. काका, त्यांची बायको कमलकाकू आणि आम्ही, जुनी ओळख. काकूचं म्हणणं, काका कानाने जड आहेत. कितीही हाका मारा, ऐकू जात नाही. शेतातल्या खोपडीत (झोपडीत) तेव्हा कोणी नव्हतं. पण खांबावरचा भोंगा सुरू होता.

या भोंग्याचं सांगायला पाहिजे. रोही आणि डुकरं पिकात येऊ नयेत म्हणून आमच्याकडे बॅटरीवरचा भोंगा लावतात. कार्डात भरलेला आवाज थांबून थांबून वाजत राहतो. विकतच्या आवाजाला रोही चार दिवसांत सरावले, म्हणून काकांनी मला बोलावलं. का? तर गावात नकला करणारा मीच. मी कार्डात वाघ भरला, कुत्री भरली, आणि शेवटी गळा फाडून, "धावा रे, धावा! आले रे आले!" एवढं बेस जमलं, की आजूबाजूच्या सगळ्या शेतकऱ्यांनी तेच कार्ड उतरवून घेतलं. पायथ्याच्या शेताशेतात मीच ओरडतो. माझ्याच ओरडण्याला सलाम ठोकून मी डोंगर चढायला लागलो.

सागाची पानं पावसात भिजली की साबणाच्या वड्या होतात. दोनदा गुडघे टेकले. टोकावर गेलो तेव्हा बोटं इतकी गारठली होती, की फोनला ती माझी वाटेनात. फोटो एकच निघाला. पांढरा. मी म्हटलं, वा, काश्मीर! आणि मागे वळलो तर वाट गायब.

धुकं आलं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. हात लांब केला की पंजा फिका पडायचा. फोनला रेंज नव्हती, मग तो बंदच पडला. पाऊस आडवा लागायला लागला. दात वाजायला लागले, आणि पहिल्यांदा मी त्यांची नक्कल केली नाही. अंधाराच्या आत खाली उतरलो नाही तर रात्र इथंच, ओल्या कपड्यात, आणि मी इथं आहे हे फक्त त्या टपरीवाल्याला माहीत.

तेवढ्यात खालून आवाज आला. "धावा रे, धावा!"

मीच. भोंग्यातला. जिकडे मी ओरडतोय, तिकडे काकांचं शेत! वाट सोडून मी सरळ आवाजाच्या रोखाने उतरायला लागलो. आवाज थांबला की थांबायचं, वाजला की चालायचं. आवाजाला घळ आडवी येत नाही, मला आली. पाय सटकला, घसरत गेलो, आणि उजवा पाय दोन दगडांत अडकून असा मुरगळला, की डोळ्यांपुढे काळं झालं.

पाय सुटला, पण टेकवेना. धुकं जरा हललं. खाली हरभरा, खोपडी, खोपडीतून धूर. काका आले होते! मी होती नव्हती ती ताकद लावून ओरडलो, "धावा रे! काका! धावा!"

काका बाहेर आले. भोंग्यापाशी गेले. त्याला दोन थापडा मारल्या आणि बंद केला.

मी पुन्हा ओरडलो. काकांनी शेजारच्या वावरातल्या भोंग्याकडे पाहिलं, हात झटकला, आणि आत गेले.

उजेड वितळत चालला होता. मागे झाडीत काहीतरी फुरफुरलं. मी वाघ काढला, पोटातून, अगदी जीव ओतून. ते जे काय होतं, जागचं हललं नाही. त्यानेही कार्ड ऐकलेलं असणार. पानं वाजली. जवळ. माझा वाघ कार्डात, कुत्री कार्डात, मी स्वतः कार्डात. कोण राहिलं? खाली कोणाच्या आवाजाला माणूस उठेल?

मी नाकात सूर धरला. "अवोऽऽ! आयकता काऽऽय! कुठी बसले जाऊन, इकडं याऽऽ!"

काकांचे कान जड आहेत, हे मला ओरडून झाल्यावर आठवलं.

पण काका खोपडीतून असे निघाले, जसं आत कोणी फटाका टाकला. डोक्यावर पोतं, हातात काठी. "आलो वं, आलो! तू कायले आली पावसात?"

झाडीतलं ते फुरफुरत उलट्या बाजूला पळालं. काका धापा टाकत वर आले, माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं. "काकू कुठी हाय?"

"मीच हाय, काका."

ते ओल्या दगडावर बसले. मग मला पाठीवर घेता घेता म्हणाले, "हे तिले सांगू नको."

पण गावात पोचेपर्यंत माझे दात इतके वाजत होते, की काकूने चुलीपुढे बसवलं, घोळाना (हरभऱ्याचा कोवळा पाला, कांदा-मिरची घालून कच्चाच) आणि गरम भाकर पुढे केली, पायाला हळद बांधली, आणि माझ्या तोंडून सगळं निघून गेलं.

काकू आधी काकांकडे वळली. "लगन झालं तवापासून मी धुऱ्यावरून आवाज देऊन राह्यली, याले आयकू येत नाही! अन् आज पावसात, डोंगरावरून आयकू आलं?"

काका भाकरीत लपले.

मग माझी पाळी. मी गालात हसत होतो, ते तिने पाहिलं. "हासून नको राहू! माय तुही घरी वाट पाहून राह्यली, अन् हा चालला धुकं पाह्यले! कोनाले सांगून गेला व्हता? अन् माहा आवाज असा हाय? नाकातला?"

"नाही, काकू."

"उद्या सकायी पयले त्या भोंग्यातून तुहा आवाज काढ. साऱ्या वावरातून काढ. वाघ ठेव, कुत्रे ठेव. तू खरंच मरून राह्यला, तं आमाले समजलं पायजे ना, मेल्या!"