ठोके बकारामचे, नंबर केवलरामचा

आमच्या शेजारच्या बकारामला सारं दवनीवाडा गाव भोळा म्हणतं. मला त्या शब्दाचा राग येतो. फसवणारा हुशार ठरतो आणि फसलेला भोळा, हा कुठला न्याय?

गेल्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीला बकाराम चक्कर येऊन दोनदा चिखलात कोसळला. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याच्या छातीच्या कातडीखाली बोटाच्या पेराएवढं यंत्र बसवलं. ते हृदयाचे ठोके टिपून गोंदियाच्या दवाखान्यात पाठवतं, आणि ठोका चुकला की घरच्यांच्या मोबाईलवरही कळवतं. नंबर विचारला तेव्हा बकारामने धाकट्या भावाचा, केवलरामचा दिला. रेशनला तोच, गॅसला तोच, मग छातीला वेगळा कशाला? आमच्याकडे एका घराचा एकच नंबर असतो.

बकाराम गोंदियाच्या दुर्गाप्रसाद शेठच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, ठेक्याने करायचा. लिखापढी काही नाही. अक्षय तृतीयेला शेठच्या ओसरीवर पान घेतलं की वर्ष पक्कं. यंदा शेठने पान पुढे केलंच नाही.

"पहले तबीयत देखो, बकाराम. परसों सुबह भी धडकन अटकी थी ना? इस साल खेती केवलराम करेगा."

परवा सकाळी बकाराम गोठ्यात मटकन बसला होता खरा. पण ते त्याने बायकोला, प्रेमिलालाही सांगितलं नव्हतं. बाजूला उभा असलेला केवलराम खाली बघत राहिला. सख्ख्या भावाने त्याच्या छातीतलं दुखणं शेठला मोबाईलवर उघडून दाखवलं होतं, आणि बांध्या स्वतःच्या पदरात पाडून घेतल्या होत्या. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

मी बकारामला तणतणतच गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या नूतनने ऐकून घेतलं.

"काका, केवलरामजींचा नंबर काढता येईल. पण ओटीपी त्याच नंबरवर जाईल. तो आकडा विचारून सांगा."

"छाती मायी, अन् परवानगी त्याची?"

बकारामने विचारलं. नूतनने ओटीपी पाठवला. बकारामने माझ्या मोबाईलवरून भावाला फोन लावला. पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"केवल, आकडा आला असन. सांग."

"कायले काढून राहिला, भाऊ? तुया भल्यासाठीच तं पाहून राहिलो."

"आकडा सांग."

"मी बांधीत आहो. हात चिखलानं भरले हायेत. मंग सांगतो."

फोन कटला. वैशाखात कुठला आलाय चिखल! माझ्या तोंडात शिवी आली होती, नूतनकडे पाहून गिळली.

"वेळ संपली, काका. परत पाठवू?"

बकाराम काउंटरला धरून उभा होता. त्याने एक हात छातीवर ठेवला.

"नको, बाई. पाहू दे त्याले. आज हे कसं धडकून राहिलं, तेही पाहू दे."